मायनस साडेनऊ

१

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना माणसं नंबरावरून लक्षात राहायची. नाव विसरायच्या, चेहरा विसरायच्या, गेल्या खेपेला कोणाच्या घरी काय दुखणंखुपणं होतं तेही विसरायच्या. पण माणूस दारातून आत आला की ‘उजवा दीड, डावा पावणेदोन’ हे आधी आठवायचं आणि बाकीचा माणूस मागून. नवरा नोकरीपायी परगावी असायचा. त्याचाही नंबर आपल्याला त्याच्या आवाजापेक्षा पक्का आठवतो, असं त्या हसत हसत सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

दुकान खाली, घर वर. मधल्या जिन्याच्या वळणावर अडगळीची एक खोली होती. तिथे जुन्या फ्रेमांचे खोके, रंग उडालेली पोस्टरं आणि एक लोखंडी खाट. रोज संध्याकाळी गिऱ्हाइकं गेली की काकू दुकानातल्या सगळ्या काचा पुसायच्या. शोकेस, आरसे, दार, सगळं. चष्म्याच्या दुकानात काचेवर डाग म्हणजे न्हाव्याची दाढी वाढल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. पुढे जे झालं ते त्यांच्या ध्यानात आलं तेही या पुसण्यामुळेच.

लेकीला पंधरावं वर्ष लागत होतं आणि तिने वाढदिवसाला खुनाच्या खेळाची पार्टी मागितली. नुसता केक कापून हल्लीच्या पोरांचं भागत नाही. एक बंगला, एक खून, चार-पाच संशयित, एक गुप्तहेर. सगळ्यांनी सोंगं घेऊन घरभर पुरावे शोधत फिरायचं. नियम सोपे. मेलेल्याने हलायचं नाही. मेलेल्याशी कोणी बोलायचं नाही. यजमानाने ‘खेळ संपला’ म्हटलं की मेलेला उठून बसतो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

काकूंनी हे काम हौसेने अंगावर घेतलं, त्याला कारण होतं. नव्या शाळेत लेक एकटी पडली होती. कितीतरी महिने तिची मैत्रीण म्हणजे एकच, बसचालकाची मुलगी. दोघी दुपारभर दुकानात बसून रिकाम्या फ्रेमा डोळ्यांना लावून आरशात वेडावायच्या. त्या मुलीला सगळा वर्ग ढापणी म्हणायचा, कारण तिच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या. काकूही लाडाने तेच म्हणायच्या. ती कधी रागवली नाही, म्हणून तिला ते नाव आवडतं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मग लेकीला एका घोळक्याने आपल्यात घेतलं आणि ढापणीचं दुकानात येणं थांबलं. आता तोच घोळका घरी येणार होता.

“तिला बोलावलंच पाहिजे का?” लेकीने विचारलं होतं. “ती कोणाशी बोलत नाही, आई. सगळ्या खेळाचा विचका होईल.”

बोलावलंच पाहिजे, असं काकूंनी ठासून सांगितलं. मग दोघींच्या मनासारखं व्हावं म्हणून त्यांनी एक तोड काढली. ढापणीला बंगल्याची मालकीण करायचं. मालकीण खेळ सुरू व्हायच्या आधीच मेलेली असते; तिला एक शब्दही बोलावा लागत नाही. आपण किती शहाण्या आहोत, असं त्या दिवशी काकूंना वाटलं होतं.

२

ढापणी सगळ्यांच्या आधी आली. काकूंनी तिला आपली जांभळी शाल पांघरली, गळ्यात खोट्या मोत्यांची माळ घातली आणि जिन्यावरच्या खोलीत खाटेवर निजवलं. पोरगी गालातल्या गालात हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिला कोणीतरी कशात तरी घेतलं होतं.

काकूंचं लक्ष चष्म्याकडे गेलं. उजवी काडी सैल झाली होती, स्क्रू अर्धा बाहेर. अशा चष्म्यासकट कुशीवर निजली तर काडी मोडणार, हे कुठलाही चष्मेवाला सांगेल. त्यांनी तो अलगद तिच्या नाकावरून काढला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

“काकू, मला त्याच्याशिवाय काहीच दिसत नाही.”

“मेलेल्या माणसाला काय बघायचंय गं?” काकू म्हणाल्या. “स्क्रू घट्ट करून ठेवते. खेळ संपला की मी स्वतः चष्मा घेऊन येईन. तोवर हलायचं नाही.”

“नक्की याल ना?”

“म्हणजे काय!”

मग बाकीची पोरं आली आणि घर दणाणून गेलं. डॉक्टर झालेला पोरगा पांढरा कोट सावरत होता, स्वयंपाकी झालेली मुलगी सगळ्यांच्या नाकासमोर वाढायचा डाव नाचवत होती, आणि लेक गुप्तहेर, बापाची टोपी घालून हुकूम सोडत होती. काकू खाली जाऊन चष्मा दुरुस्तीच्या ट्रेमध्ये ठेवून आल्या. स्क्रू नंतर घट्ट करू म्हणाल्या, कारण वर सरबत ओतायचं राहिलं होतं.

प्रेताची तपासणी करायला सगळी फौज जिन्यावरच्या खोलीत शिरली तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. पोरं खाटेभोवती कोंडाळं करून उभी राहिली. डॉक्टरने नाडी बघितली. सुरुवातीला सगळं खेळातलंच चाललं होतं. मग वकील झालेली मुलगी म्हणाली, “हिला कोणी कशाला मारेल? हिला ओळखतंय कोण?”

हशा पिकला. मग प्रत्येकाने काहीतरी भर घातली. मेली तरी फरक काय पडतो. वर्गात तरी कोणाला कळणार आहे. बाकावरची जागा मोकळी होईल, एवढंच. ही सगळी वाक्यं मालकिणीबद्दल नव्हती, हे काकूंना कळत होतं. खाटेवरच्या पोरीच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक ओघळ तिरका कानाकडे गेला. ती हलली मात्र नाही. मेलेल्याने हलायचं नाही, हा नियम तिने शेवटपर्यंत पाळला.

काकू एक पाऊल पुढे आल्या होत्या, हे खरं. पण त्यांची लेक खळखळून हसत होती. कोणीतरी तिच्या खांद्यावर हात टाकला होता. असं तिला हसताना पाहून किती काळ लोटला होता. आता मध्ये पडलं तर लेक पुन्हा एकटी पडणार, असं काकूंच्या मनात आलं आणि त्या पाऊल मागे घेऊन सरबताचे पेले मांडायला निघून गेल्या.

३

खुनी सापडला तेव्हा वर एकच गलका झाला. त्या गलक्यात डॉक्टरच्या हातून पेला निसटला आणि स्वयंपाकिणीचा पाय काचेवर पडला. रक्त पाहून दोघी-तिघी रडायलाच लागल्या. काकूंची धांदल उडाली: कापूस, पट्टी, फरशी पुसणं. तेवढ्यात खाली गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, आईबाप जिन्यात येऊन उभे राहिले, कोणाचा कोट सापडेना, कोणाचा बूट. केक कापला तोही उभ्याउभ्याच. भेटीची पाकिटं वाटताना एक पाकीट टेबलावर उरलं.

खेळ संपला असं म्हणायचं राहूनच गेलं होतं.

काकू जिन्यावरच्या खोलीत धावल्या. खाट रिकामी होती. उशीवर डोक्याचा खळगा, शाल गुंडाळून पायथ्याशी, माळ तिच्यावर. काकूंचा जीव भांड्यात पडला. पोरगी कंटाळून गेली असेल. घर दोन गल्ल्या पलीकडे तर होतं. एवढ्या गर्दीत तिला जाताना कोणी पाहिलं नाही, यात काय नवल?

चष्मा आठवला तो झोपताना. घरी जुना असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या नेऊन देऊ.

४

उद्याचा परवा झाला. दुकानात गर्दी होती, काच घासायचं यंत्र बिघडलं, एकामागून एक कामं निघत गेली. खरं सांगायचं तर काकूंना त्या पोरीच्या समोर जायला तोंड नव्हतं.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या दिवशी लेक जेवताना हसत म्हणाली, की ढापणी वर्गात आली होती, भिंतीला हात लावत लावत, पण सगळ्यांनी मिळून खेळ चालूच ठेवला. कोणी तिच्याशी बोललं नाही. तिने विचारलं तरी तिच्या आरपार बघायचं, असं ठरलं होतं. “आई, खेळ संपला असं तूच म्हणाली नाहीस ना. म्हणजे ती अजून मेलेलीच.”

काकूंनी घास खाली ठेवला. असं करू नये गं, म्हणाल्या. लेक म्हणाली, गंमत आहे. आणि काकूंनी पुढे काही न बोलता भाजी वाढून घेतली.

त्याच संध्याकाळी काचा पुसताना त्यांना शोकेसवर एक डाग दिसला. बोटांचा नव्हे. नाकाच्या शेंड्याचा टिपका आणि त्याच्याखाली श्वासाचं धुरकट वर्तुळ. पोरंटोरं काचेला नाक लावतातच; त्यांनी तो पुसला. दुसऱ्या दिवशी तसाच डाग भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर होता. मग आरशावर. मग आतल्या बाजूला, दुरुस्तीच्या कपाटाच्या काचेवर, जिथे गिऱ्हाईक कधी जातच नाही.

घड्याळात वेळ बघायला कोणी काचेला नाक लावत नाही. लावतो तो फक्त ज्याला एरवी दिसतच नाही. हे काकूंना त्यांच्या धंद्याने शिकवलं होतं, आणि धंद्याने शिकवलेलं नेमकं नको तेव्हा आठवतं. त्यांनी मनाची समजूत घातली: दमट हवा, मांजर, झाडायला येणारी बाई. मांजर उडी मारून घड्याळाला नाक लावेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

दाराची घंटा वाजायची आणि त्या मागच्या खोलीतून हात पुसत यायच्या तर दुकानात कोणी नसायचं. तपासणीची फिरती खुर्ची मात्र हळूहळू स्थिरावत असायची.

आणि जिन्यात, भिंतीच्या कडेने, जिन्यावरच्या खोलीपर्यंत, चुन्यावर हाताच्या पंजाचा मळका पट्टा उमटत चालला होता. लेकीच्या खांद्याच्या थोडा खाली. चाचपडत चढणाऱ्याचा हात जिथे लागतो, अगदी तिथेच.

५

बसचालक डोळे तपासायला आला. त्याला नोकरीपायी वरचेवर तपासणी लागायची. आला तेव्हाच तो ओशाळल्यासारखा दिसत होता. काकूंनी त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. त्याने सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. दुसरा डोळाही तसाच. पोराला लाजवील अशी नजर होती.

“डोळे झकास आहेत,” काकू म्हणाल्या. “मग तक्रार काय?”

“रस्त्यावर सगळं लख्ख दिसतं हो ताई. घरातच घोटाळा आहे.” तो चाचरत बोलत होता. “जेवायला बसलो की माझ्या समोरच्या खुर्चीवर धुरकट होतं. बोट घासल्यासारखं. बाजूची भिंत दिसते, टेबल दिसतं. तेवढीच जागा दिसत नाही. बायकोलाही तसंच होतंय. ती त्या खुर्चीसमोर ताट का मांडते, तेही तिला सांगता येत नाही.”

काकूंच्या हातातलं भिंग ट्रेमध्ये पडलं. त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “लेक कशी आहे?”

तो गडबडला. हातातली वस्तू कुठेतरी ठेवून विसरलेला माणूस जसा इकडे तिकडे बघतो, तसं बघत राहिला.

“लेक,” तो म्हणाला. “हो. घरी विचारून सांगतो.”

जाताना तो दारात थांबला, वळला, काहीतरी आठवल्यासारखं तोंड उघडलं आणि तसाच निघून गेला. काकू दुरुस्तीचा ट्रे पुढ्यात घेऊन बसल्या. सगळ्यात तळाशी तो चष्मा होता. उजवी काडी अजून सैल होती. घरी जुना असेल, असं आपण स्वतःला सांगितलं होतं. पण तिचा जुना चष्मा तर आपणच सुट्या भागांसाठी मोडला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी डोळे पुसत स्क्रू घट्ट केला. क्षणाचंही काम नव्हतं.

६

रविवारी दुपारी काकूंनी लेकीला समोर बसवलं. तुझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना बोलाव, म्हणाल्या. सगळ्यांनी मिळून ढापणीच्या घरी जायचं, खेळ संपला म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि तिची माफी मागायची.

“कोणाच्या घरी?” लेक म्हणाली.

काकूंना वाटलं, अजून गंमत चालली आहे. त्या चिडल्या. तुझी मैत्रीण, दुपारभर इथे बसायचीस जिच्याबरोबर, फ्रेमा लावून वेडावायचात. लेक ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, लबाडी नव्हती. आईला बरं नाहीये की काय, अशी काळजी तेवढी होती.

“आई, मी एकटीच बसायचे दुकानात,” ती म्हणाली. “तेव्हा मला कोणीच मैत्रीण नव्हती ना.”

आणि हे म्हणताना तिला रडू आलं. का ते तिलाही कळत नव्हतं. काकूंनी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून त्यांना जिन्यावरच्या खोलीचं दार दिसत होतं. मघाशी बंद होतं. आता ते किंचित उघडं होतं.

७

लेक झोपल्यावर काकू चष्मा घेऊन त्या खोलीत गेल्या. भरदुपार होती, खिडकीतून ऊन खाटेवर पडलं होतं. खाट रिकामी. पायथ्याची शालही नव्हती. उशीवर मात्र खळगा होता. हा खळगा त्यांनी किती वेळा थापटून सारखा केला होता. त्यांनी शेजारी बसून वाट पाहिली. खाटेची एक बाजू दबली होती, ती त्यांच्या वजनाने की काय, हे ठरवता येईना.

मग त्यांनी तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला.

चांगल्या नजरेच्या माणसाने मायनस साडेनऊचा चष्मा लावला की जग लहान होऊन लांब जातं आणि विरघळतं. खिडकी विरघळली, खोके, भिंत, सगळं पातळ झालं. त्या पातळ झालेल्या खोलीत एकच गोष्ट स्पष्ट होती. एक हात. मनगटापर्यंत जांभळ्या शालीत, नखं कुरतडलेला, लहान मुलीचा हात. तो खाटेची कड चाचपत होता, मग उशीची बाजू, मग परत कड. चष्मा शोधणारी माणसं चाचपतात तसा, घाई न करता. कितीतरी दिवस तेच काम करत असल्यासारखा.

शालीच्या वर बघायचं काकूंना धाडस झालं नाही.

“खेळ संपला,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “ऊठ बाळ. खेळ संपला. मी आलेय चष्मा घेऊन.”

हात थांबला. मग तळवा वर करून त्यांच्याकडे पसरला.

आता चष्मा द्यायचा, एवढंच उरलं होतं. पण द्यायचा तर काढायला हवा आणि काढला की हात दिसणार नाही. काकूंनी काढला. खाट रिकामी झाली, ऊन तसंच होतं. त्यांनी चष्मा तळहातावर ठेवून त्या उन्हात पुढे धरला आणि डोळे मिटून घेतले.

बोटं लागली ती त्यांच्या मनगटाला. थंडगार असतील अशी त्यांची तयारी होती. ती ऊबदार होती, घामाने थोडी ओली, कुठल्याही पोरीची असतात तशी. ती मनगटावरून हळूहळू तळव्याकडे सरकू लागली, अंदाज घेत, विश्वासाने.

आणि काकूंनी हात मागे ओढला.

त्यांना ओढायचा नव्हता. तो आपोआप ओढला गेला, तव्याला लागल्यासारखा. चष्मा फरशीवर पडला आणि एक काच तडकली. खोलीत काहीच हललं नाही. मग थोड्या वेळाने खाट कुरकुरली, जिन्याच्या भिंतीवरून हात घासत जाण्याचा आवाज खाली खाली गेला, आणि दुकानाच्या दाराची घंटा एकदा वाजली.

“थांब,” काकू म्हणाल्या. त्या बसल्या जागेवरून उठल्या नाहीत.

८

त्यांनी नवी काच घातली. स्वतः घासली, स्वतः बसवली, काडी सरळ केली, नाकाच्या पट्ट्या बदलल्या. मग चष्मा घेऊन त्या दोन गल्ल्या पलीकडच्या घरी गेल्या. बसचालकाच्या बायकोने आदराने बसवलं, पाणी दिलं, चष्मा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि आमच्याकडे एवढ्या नंबराचं कोणी नाही म्हणून परत केला. परत करताना तिने तो पदराने पुसला, आणि पुसतच राहिली. जेवणाच्या टेबलाजवळ आता खुर्च्या दोनच होत्या.

आता काकूंच्या दुकानातल्या काचांवर डाग पडत नाहीत. गिऱ्हाइकांच्या बोटांचे पडतात तेवढेच. तरी त्या पुसायच्या आधी प्रत्येक काचेसमोर वाकून बघतात. नाकाचा टिपका, श्वासाचं वर्तुळ, काही आहे का. जिन्याची भिंत त्यांनी रंगवू दिलेली नाही. कोणीतरी दुपारी दाराशी येऊन उभं राहिलं तर हाताला लागावा म्हणून चष्मा त्यांनी दाराजवळच्या शोकेसवर उघडाच ठेवलाय, काड्या बाहेर करून.

लेकीचा घोळका मोठा झालाय. ती आता सदानकदा हसत असते. एकदा बाहेर जाता जाता तिने तो चष्मा उचलला, डोळ्यांना लावून आरशात वेडावली, आणि मध्येच थांबली. शेजारी कोणीतरी असायला हवं होतं, तशी तिने बाजूला मान वळवली.

“कोणाचा गं हा, आई?”

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं. त्या आपल्या सगळ्यांसारखं ते चिडवायचं नाव घ्यायच्या, आणि आता तेही जिभेवर येईना. चेहरा आठवून बघितला. उशीवर डोकं होतं, कानाकडे जाणारं पाणी होतं. मधली जागा धुरकट होती, बोट घासल्यासारखी.

“एका मुलीचा,” त्या म्हणाल्या. “मायनस साडेनऊ. दोन्ही डोळे.”

मग त्यांनी तो लेकीच्या हातातून घेतला, पुसला आणि परत दाराजवळ ठेवला.